सोनाबाई गिरणीच्या दारात उभी आहे

जयवंतकाका, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की तुम्ही असतात तर ‘चहाचं बघून येतो’ म्हणून मधूनच उठून गेला असतात. एकांनी तुम्हाला आधारवड केलं, दुसऱ्यांनी दीपस्तंभ. तुमच्या कंपनीतले टूलरूमचे जुने सोबती तेवढे खरं बोलले. ते म्हणाले, जयवंता डोकं खायचा, पण त्यानं बसवलेली डाय, म्हणजे साचा, कधी दुरुस्तीला परत आली नाही. अध्यक्षांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. वाचनालयाची लायब्ररियन मी, अकरा वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली, मी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. ते आवरत नव्हतंच, पण मी गप्प बसले ते वेगळ्या कारणानं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ उचलेना.

पण आधी थोडं भांडून घेते. तेवढा आपला शिरस्ता आहे.

मी पहिल्यांदा पिंपळे गुरवच्या या वाचनालयात आले तेव्हा माझ्याकडे पदवी होती आणि तुमच्याकडे किल्ली. विहाराशेजारचं हे दोन खोल्यांचं वाचनालय तुम्ही आणि तुमच्यासारख्या चार कामगारांनी उभं केलेलं. मी आल्या आल्या पुस्तकांना नंबर घातले, शिक्के मारले, ‘शांतता राखा’ची पाटी लावली. तुम्ही पाटीखाली उभं राहून मोठ्यानं बोलायचात. माणूस दारातून आत आला की तुम्ही त्याला वरपासून खालपर्यंत बघायचात आणि सरळ एखाद्या कपाटाकडे जायचात. ‘पुस्तक बी फिटिंगसारखं असतं मॅडम. ढिलं न्हाई चालत, टाइट न्हाई चालत. बसलं पायजे.’ मी म्हणायचे, वाचकाला निवडू द्या. तुम्ही म्हणायचात, निवडू दे की, मी कुठं हात धरलाय. आणि हातात पुस्तक ठेवायचात.

माझे वडील गेले तेव्हा मी पंधरा दिवसांनी कामावर आले. तुम्ही एक पातळसं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, ‘नोंद करू नका ह्याची.’ नोंद केल्याशिवाय मी पुस्तक बाहेर जाऊ देत नाही हे अख्ख्या पिंपळे गुरवला माहीत. ते पुस्तक मी तसंच, नोंद न करता, सांगवीला घरी घेऊन गेले. त्याबद्दल तुमचे आभार मानायचेही राहिलेच. आज मानते.

तर ई-पुस्तकं. जगाच्या पाठीवर सगळीकडे तरुण माणसं फोन पुढे करतात आणि म्हातारी माणसं कागदाचा वास घेत बसतात. आपल्याकडे उलटं. सत्तरीला टेकलेले तुम्ही फोनवर वाचायचात, अक्षर एवढं मोठं करून की एका वेळी पडद्यावर सहा शब्द मावायचे, आणि चाळिशीची मी छापील पुस्तकाची कड धरून बसले होते. तुमचं म्हणणं साधं होतं. ‘आपली लायब्ररी उघडी असती तवा वाचणारा कंपनीत असतो. वाचणारा सुटतो तवा आपलं कुलूप. मंग ही पुस्तकं आपण कुणासाठी मांडलीत? परीक्षावाल्या पोरांना टेकायला?’ आमच्या वाचनकक्षात दिवसभर स्पर्धा परीक्षेची मुलं आपापली पुस्तकं घेऊन बसतात, आणि कपाटातली कादंबरी महिना महिना हलत नाही, हे माझंच रजिस्टर सांगत होतं.

वाचनालयाच्या समितीनं एका छोट्या ई-पुस्तक कंपनीचं खातं घेतलं. घेतलं होतं वाचनालयातल्या एका कॉम्प्युटरसाठी. तुम्ही काय केलंत ते मी आजही हसून सांगते आणि सांगताना आजही माझ्या कपाळावर आठी पडते. दाराबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायची आपली पद्धत. एका सकाळी मी आले तर सुविचाराच्या खाली, ठसठशीत अक्षरात, खात्याचा पासवर्ड. वाचनालयाचं नाव आणि त्यापुढे तुमचा कंपनीतला टोकन नंबर.

‘काका, पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो!’

‘गुप्त ठिऊन मंग वाचायचं कुणी?’

ई-पुस्तक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फोन किती चालतील यावर काही बंधन नव्हतं. आठ दिवसांत तीस-पस्तीस माणसं एकाच खात्यावर वाचू लागली. चाकणच्या बसमध्ये बसून, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, भाकऱ्या झाल्यावर ओट्याला टेकून. तुम्ही जातीनं एकेकाच्या फोनवर अ‍ॅप टाकून द्यायचात. आणि मग तो गोंधळ सुरू झाला. अ‍ॅप लक्षात ठेवायचं, की वाचणारा कुठल्या पानावर थांबला. पण खातं एक, म्हणजे खूणही एकच. पहिल्या पाळीतला माणूस विसाव्या पानावर थांबला, दुसऱ्या पाळीतल्यानं नव्वदीपर्यंत मजल मारली, की दुसऱ्या दिवशी पहिल्याचं पुस्तक थेट नव्वदाव्या पानावर उघडायचं. लोक तक्रार घेऊन दारात. ‘माझी खूण कोणी हलवली?’ एका गृहस्थांना तर रहस्यकथेतला खून कोणी केला ते तिसऱ्या पानालाच कळलं.

कुणीही शहाण्या माणसानं खातं बंद करून नीट चौकशी केली असती. तुम्ही टूलरूमचे. तुम्ही तक्ता केलात. रोज संध्याकाळी फळ्यावर पुस्तकाचं नाव, वाचणाऱ्याचं नाव आणि पान नंबर. पांडुरंग, पान बेचाळीस. शबाना, पान एकशेसहा. मंगल, ‘सोनाबाई’ कादंबरी, पान अठ्ठावन्न. ज्यानं त्यानं जाता-येता आपलं पान बघून घ्यायचं. लोक फळ्यासमोर थांबून दुसऱ्याची पानं वाचायला लागले. ‘अरे, हा पांडुरंग माझ्यापुढं गेला!’ म्हणत एक जण माझ्यासमोर चालता चालता वाचायला लागलेला मी पाहिला. हे सगळं मला आवडत होतं, काका. हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

कारण मला हे नियमात बसत नाही याची टोचणीही होती. आपण भांडलो ते आठवतंय? मी म्हटलं, एकाची वर्गणी भरून तीस जण वाचतात, लिहिणाऱ्याच्या पोटाचं काय? तुम्ही म्हणालात, ‘कागदाचं एक पुस्तक चाळीस जण वाचत्यात, तवा न्हाई तुमाला लिहिणारा आठवत?’ मी म्हटलं, ते वेगळं. तुम्ही म्हणालात, ‘कसं वेगळं ते सांगा.’ मला नीट सांगता आलं नाही. आजही मला वाटतं की ते वेगळं आहे, आणि आजही मला सांगता येत नाही. तुम्ही असतात तर आणखी दहा वर्षं आपण यावर भांडलो असतो.

आता ती राहिलेली गोष्ट. ई-पुस्तकांचं खातं मी बंद पाडलं.

मी ई-पुस्तक कंपनीला पत्र लिहिलं. वाचनालयाचं खातं सभासदांनी आपापल्या फोनवर वापरलं तर चालतं का, एवढंच विचारलं. खाली माझं नाव आणि नावापुढे पदवी. मला वाटलं होतं, ते नियम सांगतील आणि मग मी तुम्हाला तो छापून दाखवीन. तिसऱ्या दिवशी खातंच बंद झालं. लोकांचे फोन यायला लागले. तुम्ही फळ्यावरची सगळी नावं आणि पानं ओल्या फडक्यानं पुसलीत आणि आत येऊन माझ्यासमोर बसलात. ‘माझीच चूक, पोरी. पासवर्ड फळ्यावर लिवायला नको होता मी.’ एरवी मी ‘मॅडम’. तुम्ही ‘पोरी’ म्हणालात. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘हो, नको होता.’

त्यानंतर तुम्ही एकेका वाचकाला गाठून माफी मागितलीत. मी बघत होते. मी तोंड उघडलं नाही.

एवढं झाल्यावर मी त्या कंपनीच्या मागे लागले. प्रत्येक सभासदाला स्वतंत्र खातं, स्वतंत्र खूण, अशी वाचनालयांसाठी काही सोय करता येईल का म्हणून पत्रांवर पत्रं. तुम्ही शनिवारी जाता जाता विचारलंत, ‘मॅडम, चालू होईल का हो ते परत?’ मी कामात होते. मी म्हटलं, ‘बघू.’ आपल्या दोघांतला हा शेवटचा शब्द. सोमवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला.

रविवारच्या कार्यक्रमात सगळे पांगल्यावर मंगल माझ्याजवळ आली. तुमची पान अठ्ठावन्नवाली मंगल. परभणीकडची, चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. बायांना पहिली पाळी, म्हणून रोज पावणेसहाला चौकातल्या बंद मेडिकलसमोरून कंपनीची बस पकडते. गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, त्यामुळे तिचं वाचन सगळं बसमधलं. एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

‘मॅडम, काका मला रोज सकाळी बसथांब्यावर गोष्ट सांगायचे. सोनाबाईची.’

मला वाटत होतं तुम्ही रक्तातल्या साखरेसाठी पहाटे चालायला जाता. खातं बंद पडलं तेव्हा मंगलची ती कादंबरी अर्ध्यात राहिली होती. छापील प्रत कुठे मिळेना. तुमची वाचून झालेली होती. म्हणून तुम्ही रोज बस येईपर्यंत पाच-सात मिनिटं उभं राहून तिला पुढची गोष्ट तोंडी सांगत होतात. सव्वा महिना. मला याचा पत्ता नाही.

‘कुठवर आली होती गोष्ट?’ मी विचारलं.

‘सोनाबाई शहरात पोचली. पिठाच्या गिरणीच्या दारात उभी हाय, पत्ता विचारायला. त्या शेवटल्या शनवारी काका तितंच थांबले. बस आली.’ मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, ‘माझी आय न्हाई असं निघायची. नऊ वर्सं झाली, माझा फोन उचलत न्हाई. मी मनानं लगीन केलं म्हणून.’

ती कादंबरी तुम्ही वाचलेली आहे, तरी उजळणी करते. सोनाबाई गावची सुईण. तिची मुलगी भांडून घरातून निघून गेलेली असते. म्हातारपणी सोनाबाई तिला शोधायला पायी निघते. एवढंच मलाही माहीत होतं, कारण मी पुस्तकांना नंबर घालते, सगळी वाचत नाही.

आणि काका, मंगळवारी ई-पुस्तक कंपनीचं पत्र आलं. मंजूर. प्रत्येकाला वेगळं खातं. पुढच्या सोमवारपासून. शिवाय जुन्या खात्यात जी जी पुस्तकं उघडली होती ती प्रत्येकाच्या नव्या खात्यात परत दिसतील. मी पत्र घेऊन तुमच्या खुर्चीकडे वळले होते. वाचनालयाचं मूळ खातं त्यांनी त्याच दिवशी चालू केलं होतं, म्हणून मग बसले आणि कॉम्प्युटरवर सोनाबाई उघडली. मंगलला उरलेली गोष्ट सांगावी, निदान ते तरी माझ्या हातून व्हावं, म्हणून एका बैठकीत शेवटपर्यंत वाचली.

गिरणी त्यात नाहीच. सोनाबाई शहरात पोचतच नाही. वाटेतल्या धर्मशाळेत तिला ताप भरतो आणि ती जाते. शेवटची तीस पानं मुलीची आहेत. तिच्या हातात आईचं गाठोडं येतं, एवढाच शेवट.

आधी मला वाटलं तुमचा घोळ झाला. पण केसाएवढी फट ओळखणारा माणूस मेलेली बाई विसरेल कसा? तुम्ही तिला मुद्दाम उठवलंत. जिथे ती मरते तिथून पुढे तुम्ही पदरची गोष्ट सांगत होतात, मंगलसाठी, रोज थोडी थोडी. छापलेल्या शब्दाला हात लावू नये असं मी मानते. मला तुमचा राग आला, खरंच आला. आणि मग मी टेबलावर डोकं ठेवून इतकी रडले की परीक्षावाल्या मुलांनी पाणी आणून दिलं.

पण पेच माझ्या गळ्यात टाकून गेलात. सोमवारी मंगलच्या फोनवर ती कादंबरी पुन्हा उघडणार. तुम्ही चालत शहरात आणलेली आई तिला धर्मशाळेत मेलेली सापडणार. तुम्हीही खोटे ठरणार. खातं चालू करणारी मीच. नाही करावं तर बाकीच्या तीस जणांनी काय घोडं मारलंय? ती वाचेल त्याआधी तिला कुणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं, आणि सांगणारं मी सोडून दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून आज सकाळी सांगवीहून स्कूटी काढली. पावणेसहाला दहा कमी असतील. मेडिकलच्या बंद शटरसमोर तीन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मंगल मला बघून पुढे आली.

मी आधी माझं सांगितलं. ‘मंगल, ते खातं माझ्यामुळे बंद पडलं. काकांनी माफी मागितली ती माझ्या चुकीची.’

‘तुमीच व्हय!’ ती म्हणाली. रागानंच म्हणाली. ‘अन् मंग तवा कामून न्हाई बोललाव? काका उन्हातान्हाचं घरोघर हिंडायले होते.’

तिनं माझ्याकडे पाठ केली. ते माझ्या वाट्याचं होतं, मी घेतलं.

मग मी म्हटलं, ‘आणखी एक आहे. सोमवारपासून पुस्तक परत तुझ्या फोनवर येईल. पण ते उघडायच्या आधी ऐक. त्या पुस्तकात सोनाबाई...’

‘मेली हाय,’ मंगल म्हणाली. ‘म्हाईत हाय मला.’

‘तुला कोणी सांगितलं?’ मी विचारलं.

‘ती खूण हलायची न्हाई का? एक दिवस बसमधी फोन उघडला तर पुढचंच पान आलं. कुणीतरी पुढं वाचलं होतं. त्यात तिला धर्मशाळेतून न्यायले होते. मी फोन बंद केला. मंग खातंच बंद झालं. मी काकाला म्हनलं, पुढं काय होतंय? म्हनलं आता काका सांगतेल ती मेली म्हणून, एकदा रडून घ्यावं. तर काकानं तिला काढा पाजला अन् तिसऱ्या दिवशी चालती केली.’ ती हसली, डोळे भरलेले होते. ‘मंग मी गप राह्यले. काकाला वाटायचं मला कळत न्हाई. मला बघायचं होतं, हा मानूस तिला कुठवर नेतो.’

म्हणजे काका, तुमच्या त्या एकाच पासवर्डानं तुमचं गुपित आधीच फोडलं होतं. तुम्ही तिला फसवत नव्हतात, ती तुम्हाला फसवत होती, आणि तुम्ही दोघं रोज सकाळी उठून त्यासाठी चौकात येत होतात. मला तुम्हा दोघांचा हेवा वाटला.

कोपऱ्यावरून बस वळली. बाकीच्या बाया पुढे सरकल्या. मंगलनं डबा दुसऱ्या हातात घेतला, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून म्हणाली, ‘मॅडम, मंग काका न्हाईत म्हणून ती बाई गिरणीच्या दारातच उभी राहणार का?’

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी अकरा वर्षांत कुणाला पुस्तकाच्या नावाचा काना-मात्रा चुकवून सांगितलेला नाही.

‘गिरणीवाल्याला तिची मुलगी माहीत होती,’ मी म्हटलं. ‘तो म्हणाला, बसा आजी, एवढं दळण उतरवतो आणि तुम्हाला दारापर्यंत सोडतो.’

‘अन् मंग?’

‘मग उद्या.’

बस गेली. मी तिथेच उभी राहिले. काका, उद्या पावणेसहाला मला तिला त्या दारापर्यंत न्यायचंय. आई दार वाजवते इथवर मी रचलंय, पण दार उघडल्यावर मुलगी काय बोलते ते काही केल्या सुचत नाही. तुमचं ठरलेलं असणार. सांगून जायचं होतंत.